चार प्रश्न, आणि पाचवा

अंबरनाथच्या शिवमंदिरात गाभाऱ्याकडे जायला पायऱ्या उतराव्या लागतात. बाहेर एप्रिलचं ऊन असलं तरी खाली दगड गार लागतो आणि आपलाच आवाज घुमून परत कानावर येतो. मंदिर शिलाहारांच्या काळातलं. शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख इथे आहे. बाहेर आलं की कडेने वालधुनी वाहते. तिच्या पलीकडे शहर, कारखाने आणि रेल्वे.

या आवारात बसून दोन माणसं बोलत आहेत. एक सर. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवून निवृत्त झाले, राहायला बदलापूरला. दुसरी त्यांची विद्यार्थिनी. तिचं माहेर उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातलं, आणि आता अंबरनाथच्या एमआयडीसीत तिचं छोटं वर्कशॉप आहे. कामगार तिला ताई म्हणतात, म्हणून इथेही ती ताईच. नावं देत नाही, कारण हा संवाद मी जुळवून लिहिला आहे. उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात शिक्षक, पालक आणि कारखानदारांशी बोलताना हे दोन्ही सूर सतत कानावर पडतात, आणि दोन्ही मला खरे वाटतात. प्रश्न एकच आहे : द्रव्य, ऊर्जा, बल आणि तरंग यांतलं मुलांनी नेमकं काय शिकावं?

ताई : सर, मागच्या महिन्यात एक मुलगा कामाला लागला. दहावीला विज्ञानात उत्तम गुण. जुन्या मशीनचा एक नट गंजून बसला होता, तो सोडवायला सांगितला. पाना लावून लावून पोरगा घामाघूम झाला, नट जागचा हलेना. शेवटी आमच्या जुन्या फिटरने पान्याच्या दांड्यावर दोन फुटांचा पाइप चढवला, टोकाला धरून ओढला आणि नट सुटला. मी त्या मुलाला विचारलं, बल म्हणजे काय? व्याख्या घडाघडा म्हणाला, एक शब्द इकडचा तिकडे नाही. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, या मुलांना आपण नक्की शिकवलं काय?

सर : आणि त्या फिटरला विचारलंस का, पाइप दुप्पट लांब घेतला तर जोर किती कमी लागेल?

ताई : त्याला कशाला विचारायचं? त्याच्या हाताला ते कळतं.

सर : त्याच्या हाताला नट कळतो. पण दाराची कडी बिजागरीपासून लांब का बसवतात, विहिरीच्या रहाटाचा दांडा लांब का असतो, ट्रकचं स्टिअरिंग कारपेक्षा मोठं का ठेवायचे, या सगळ्यांत तोच पाना आहे हे त्याला दिसतं का? नियम शिकवतो तो याच्यासाठी. एक शिकलं की दहा ठिकाणी चालतं.

ताई : पण तुमच्या मुलाला तर एका ठिकाणीही चाललं नाही! सर, मी ज्या गावात वाढले ते हाताच्या ज्ञानावर उभं राहिलंय. फाळणीनंतर सिंधमधून माणसं आली, ती लष्कराच्या कल्याण कॅम्पातल्या बराकींत राहिली. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. घरदार, जमीन सगळं मागे टाकून आलेली माणसं होती ती. यंत्र उघडून बघायचं, बिघडलं तर पुन्हा जोडायचं, असं करत त्यांनी गल्लीगल्लीत धंदे उभे केले. त्यांना कुणी आधी संवेगाची व्याख्या विचारली नव्हती.

सर : त्या माणसांबद्दल मला आदरच आहे. पण तू ज्या दगडाला टेकून बसलीयस तो बघ. इथे खांब एवढे जवळजवळ का आहेत?

ताई : दगडाची तुळई लांब घेतली तर मोडते म्हणून. दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. तुळई वाकली की खालच्या बाजूला ताण येतो आणि तिथून ती तडकते.

सर : बरोबर. आता बघ, हे मंदिर बांधणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. न्यूटनचा ग्रंथ आला 1687 मध्ये, त्याच्या सहाशे वर्षं आधी. म्हणजे तुझा मुद्दा मी मान्य करतो, सूत्राशिवायही शहाणपण असतं. पण ते शहाणपण दगडाला चिकटलेलं असतं. त्यांच्यासमोर कुणी पोलादाचा गर्डर ठेवला असता तर किती लांब टाकावा हे त्यांना सांगता आलं नसतं. तो आधी मोडून बघावा लागला असता. सूत्र हे वस्तूपासून सुटं केलेलं ज्ञान आहे. जी वस्तू अजून हातात आलेली नाही तिच्याबद्दलही ते बोलतं.

ताई : मोडून बघितलं तर बिघडलं कुठे? मुलं मोडूनच शिकतात.

सर : सगळं मोडून शिकता येत नाही. तू बदलापूरला सून म्हणून आलीस, तिथला पूर बघितला आहेस. 2005 चा 26 जुलै. मग 2019 चा 27 जुलै, उल्हास नदीच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उभी राहिली, हजारावर प्रवासी आत होते, त्यांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आता तळमजल्यावरचं एक घर डोळ्यांसमोर आण. बाहेर पाणी चढतंय, आत अजून आलेलं नाही. दार बाहेरच्या बाजूला उघडतं, एक मीटर रुंद आहे. दाराशी एक मीटर पाणी चढलं तर दार उघडेल का?

ताई : जोर लावला तर उघडेल. दोघा-तिघांनी मिळून.

सर : हिशोब कर. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. वर शून्य, एक मीटर खाली दर चौरस मीटरला सुमारे 9,800 न्यूटन. सरासरी 4,900. भिजलेला भाग एक चौरस मीटर. म्हणजे दारावर 4,900 न्यूटन बल आहे, 500 किलो वजन टेकवून ठेवल्यासारखं. दोघा-तिघांनी उघडणार नाही.

ताई : आणि पाणी अर्धा मीटर असताना?

सर : हाच प्रश्न तू विचारावास अशी माझी इच्छा होती. दाब अर्धा झाला, भिजलेला भागही अर्धा झाला. बल पावपट. 125 किलो. तेही खालच्या बाजूला, बिजागरीपासून दूर ढकललं तर दोन माणसांच्या आवाक्यातलं. म्हणजे घर सोडायचं ते पाणी गुडघ्यापर्यंत यायच्या आतच. पाणी दुप्पट चढलं की अडचण चौपट होते. हे अनुभवातून शिकायला निघालं तर तो अनुभव शेवटचा ठरू शकतो. सूत्र आधी सांगून ठेवतं. म्हणून मी सूत्र सोडायला तयार नाही.

ताई : सर, तुमच्या तीस वर्षांत तुम्ही हा दाराचा प्रश्न कधी वर्गात घातलात?

सर : नाही.

ताई : मी तुमच्याच वर्गात होते. दाबाचं सूत्र मला पाठ होतं. 2005 ला आमच्या ओळखीचं एक कुटुंब तळमजल्यावर सामान उचलत बसलं, पाणी कमरेला लागेपर्यंत. मीही त्यांना फोनवर सांगत होते, आधी फ्रिज वर ठेवा. दाराचा विचार माझ्या मनातही आला नाही. सूत्र आधी सांगतं म्हणता, पण माझ्या सूत्राने मला काहीच सांगितलं नाही. ते परीक्षेत पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं, आमच्या दाराबद्दल कधी बोललं नाही.

सर : हे मला लागलं, आणि लागायला हवंच. मी टाकीचे प्रश्न घातले, कारण पुस्तकात टाकी होती. दार समोर होतं, तरी ते प्रश्नात आणायचं मला सुचलं नाही.

ताई : पण एक गोष्ट तुम्ही केली होतीत. नववीत ध्वनीचा धडा चालू होता. शाळा रुळांच्या जवळ. सिग्नलला मालगाडी थांबली होती. तुम्ही खडू खाली ठेवला आणि आम्हा सगळ्यांना खिडकीशी बोलावलंत. इंजिनाने ओढ घेतली आणि खडाक्, खडाक्, खडाक् असा आवाज पुढच्या वाघिणीपासून मागच्या वाघिणीपर्यंत पळत गेला. तुम्ही विचारलंत, आत्ता इथून तिथे काय गेलं? कुणी म्हणालं वाघीण, कुणी म्हणालं आवाज. तुम्ही म्हणालात, प्रत्येक वाघीण वीतभरच हलली, पण तो हिसका अख्ख्या गाडीभर गेला. वस्तू जागेवर, हालचाल पुढे. तो तरंग. सर, त्या दिवसापासून आजपर्यंत मला तरंग समजावून घ्यावा लागलेला नाही.

सर : मला ते आठवत नव्हतं.

ताई : मला धड्याची एक ओळ आठवत नाही, वाघिणी आठवतात. म्हणून म्हणते, आधी वाघिणी दाखवा.

सर : पण लक्षात घे, त्या दिवशी फळ्यावर ‘अनुतरंग’ हा शब्द आधीच लिहिलेला होता. संपीडन, विरलन यांची आकृती काढलेली होती. तुम्ही रोजच मालगाड्या बघत होतात. बघून कुणाला तरंग दिसला होता? शब्द हाताशी होता म्हणून त्या दिवशी तो दिसला. पोरं रेल्वेच्या कडेला जन्मतात म्हणून काही त्यांना भौतिकशास्त्र येत नाही.

ताई : मग शब्दांचंच बोलू. माझा मुलगा यंदा नववीत आहे, सेमी-इंग्रजीत. शाळेत फोर्स, पॉवर, एनर्जी. घरी आम्ही बल, शक्ती, ऊर्जा, जोर, ताकद सगळं एकाच अर्थाने वापरतो. देवीची शक्ती, औषधाची शक्ती, फोनमध्ये पॉवर नाही, अंगात एनर्जी नाही. पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर. दुकानदार साखरेचं वजन किलोत करतो, आणि पुस्तक म्हणतं वजन न्यूटनमध्ये मोजा, किलोग्रॅममध्ये वस्तुमान असतं. मुलाला वाटतं, शाळेची भाषा वेगळी, जगाची वेगळी. एकदा अशी वाटणी झाली की शाळेची भाषा तो परीक्षेपुरतीच बोलतो.

सर : हे मात्र अगदी खरं. सगळ्यात अवघड शब्द ‘कार्य’. हमाल डोक्यावर पोतं घेऊन फलाटावर उभा आहे, आणि आम्ही सांगतो त्याने शून्य कार्य केलं. ज्या मुलाचा बाप हमाली करतो त्याला काय वाटत असेल? मी हे वाक्य कित्येक वर्षं तसंच म्हणत आलो. पुढे मला सुचलं की थांबून सांगावं : पोत्यावर कार्य झालं नाही, पण त्या माणसाच्या स्नायूंचे तंतू क्षणोक्षणी आखडतात, सैल होतात, त्यात अन्नाची ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून तो घामाने भिजतो. तो दमतो हे खरं, आणि पोत्याला ऊर्जा मिळत नाही हेही खरं. एवढं सांगितलं की मुलगा नियमावर विश्वास ठेवतो. नाही सांगितलं तर विज्ञान आपल्या बापाला खोटं पाडतंय असंच त्याला वाटत राहतं.

ताई : मग धडा या घामापासूनच सुरू करायला काय हरकत आहे?

सर : काहीच नाही. पण घामावर थांबू नये, एवढंच माझं म्हणणं. बरं, तू सांग. सगळा अभ्यासक्रम तुझ्या हातात दिला तर तू काय ठेवशील?

ताई : मी चार प्रश्न ठेवीन. समोर काहीही असो, मुलाने हे चार विचारावेत. एक, हे कशाचं बनलंय? दोन, याला कोण ढकलतंय, कोण ओढतंय? तीन, यात ऊर्जा कुठून आली आणि गेली कुठे? चार, इथून तिथे पोचतंय ते नेमकं काय, वस्तू की नुसती हालचाल? द्रव्य, बल, ऊर्जा, तरंग, सगळं यात आलं. व्याख्या पाहिजे तेव्हा पुस्तकात सापडते. हे प्रश्न तोंडात बसले पाहिजेत.

सर : प्रश्न चांगले आहेत. एकेक तपासू. पहिला घे. हिवाळ्यात रात्री उशिरा एमआयडीसीच्या बाजूने वास येतो, दुपारी तोच वास जाणवत नाही. का?

ताई : लोक म्हणतात, रात्री गुपचूप धूर सोडतात.

सर : सोडतही असतील, ते तपासायलाच हवं. पण तपासायचं तर आधी हे कळलं पाहिजे की वास म्हणजे कण. नाकात शिरतो तो त्या पदार्थाचाच कण. दुपारी जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम होऊन वर जाते आणि कण उंच विखुरतात. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते आणि वरच्या कोमट हवेखाली झाकल्यासारखी पडून राहते. सोडलेलं तेवढंच असलं तरी नाकाशी जास्त येतं. तक्रार करायला जाणाऱ्या माणसाला हे माहीत असलं तर तो हवा मोजायला यंत्र पहाटे लावायला सांगेल, दुपारी नाही.

ताई : बघा, म्हणजे पहिला प्रश्न कामाला आला.

सर : आला, पण उत्तर उष्णतेच्या धड्यातून आलं. आता तिसऱ्याकडे ये. ऊर्जा कुठून येते आणि कुठे जाते?

ताई : हा प्रश्न आमच्या गावाइतका कुठेच जिवंत नाही. अंबरनाथमध्ये 1920 च्या दशकात विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला. नाक्याचं नाव अजून विम्को नाकाच आहे. काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, पेटीच्या कडेला लाल फॉस्फरस. घासल्यावर थोडी उष्णता निघते, तेवढ्याने फॉस्फरस पेट घेतो आणि मग काडी. त्याच गावात आज डीआरडीओची नौदल पदार्थसंशोधन प्रयोगशाळा आहे. तिथे पाणबुडीसाठी इंधनघट तयार झाला, 2021 च्या मार्चमध्ये त्याची जमिनीवरची चाचणी यशस्वी झाली. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येतात, पण ज्योत न होता सरळ वीज मिळते, आणि खाली उरतं पाणी. काडी आणि इंधनघट, दोन्हींत रसायनात साठलेली ऊर्जाच बाहेर येते. एकात ती भडकून जाते, दुसऱ्यात तारेतून शिस्तीत बाहेर पडते. दोन्ही एकाच गावातली, आणि दहावीच्या मुलाला यातलं काही ठाऊक नसतं.

सर : सुंदर. आता माझा अनुभव सांगतो. एका वर्षी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम शिकवत होतो. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, सर, ऊर्जा अक्षय्य आहे, नाश पावत नाही, तर मग वीज वाचवा असं का सांगतात? सगळा वर्ग हसला. मी हसलो नाही. तीस वर्षांत मला विचारलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता.

ताई : काय उत्तर दिलंत?

सर : त्या दिवशी नीट देता आलं नाही. मराठीत अक्षय्य म्हटलं की आपल्याला अक्षय्य तृतीया आठवते, कधी न सरणारं भांडार आठवतं. नियमातलं अक्षय्य तसं नाही. नियम एवढंच सांगतो की जमाखर्च जुळतो. दुसऱ्या दिवशी मी लोकल घेतली. भरलेली गाडी 600 टन धरली, वेग सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. गतिज ऊर्जा किती? वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग. 12 कोटी ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे 36 लाख ज्यूल. भागलं की 33 युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणारं घर त्यात दहा दिवस चालेल. आणि नुसते ब्रेक लावून गाडी थांबवली तर ती सगळी ऊर्जा चाकांच्या आणि ब्रेकच्या उष्णतेत जाते, रुळांवर, हवेत. एकही ज्यूल नष्ट झालेला नसतो. पण ती ऊर्जा गोळा करून तुझा पंखा चालणार नाही. ती विखुरली. वीज वाचवा म्हणतात ते एवढ्यासाठी की एका जागी जमलेली, कामाला लावता येणारी ऊर्जा थोडी असते. आताच्या लोकल गाड्यांत ब्रेक लावताना मोटारच जनित्रासारखी चालते आणि त्या ऊर्जेचा काही भाग वरच्या तारेत परत जातो. विखुरण्याआधी पकडतात.

ताई : सर, हे तुम्ही गाडीबद्दल बोलताय आणि मला ही समोरची नदी दिसतेय. कारखान्यांत जीन्स धुताना रंग पाण्यात उतरतो. तोही अक्षय्यच. द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम मुलं नववीत शिकतात, तराजूवर करून बघतात. पण जीन्स धुणारी माणसं म्हणतात, पाणी सोडलं, रंग गेला. गेला कुठे? वालधुनीत. वालधुनीतून उल्हासच्या खाडीत. कपड्यात तो एका जागी होता, टाकीत असतानाही पकडता आला असता. नदीत पडल्यावर तो मैलोन्मैल पातळ होऊन पसरतो आणि पुन्हा गोळा करायला किती तरी पटीने वीज, रसायन आणि पैसा लागतो. ब्रेकच्या उष्णतेचं जे झालं तेच रंगाचं झालं. मुलांनी दुसरं काही नाही शिकलं तरी चालेल, पण एवढं शिकावं : काहीही नाहीसं होत नाही, ते विखुरतं. ‘टाकून दिलं’ हा शब्द विज्ञानात नाही.

सर : हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं असतं. आणि आता मला तुझ्याशी भांडायचंही आहे. ते वाक्य ऐकून मुलं माना डोलावतील, घोषणा देतील, पर्यावरण दिनाला भिंतीवर लिहितील. पुढे काय? टाकीतून दिवसाला किती लिटर पाणी गेलं, लिटरमागे किती मिलिग्रॅम रंग होता, गुणाकार किती आला, हे जो मांडेल त्याचं म्हणणं अधिकाऱ्याला ऐकावं लागेल. द्रव्याची अक्षय्यता म्हणजे हिशोब आहे. आकडे नसतील तर ती कीर्तनातली ओळ होते.

ताई : इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या पाइपची गोष्ट मी अर्धीच सांगितली. पुढच्या आठवड्यात मी स्वतः तीन फुटांचा पाइप लावून एका नव्या कामाचा बोल्ट आवळला. आणखी घट्ट बसेल म्हणून ओढला, आणि बोल्ट मानेतून तुटला. काम वाया गेलं. त्या जाडीचा बोल्ट किती सोसतो ते तक्त्यात छापलेलं असतं, न्यूटन-मीटरमध्ये. मी बघितलंच नव्हतं. मग टॉर्क रेंच आणला. आता मुलांना सांगते, आकडा लावा, मग आवळा.

सर : मग तुझ्या चार प्रश्नांना पाचवा जोड. किती?

ताई : किती.

सर : कशाचं बनलंय, त्यात किती? कोण ढकलतंय, किती जोराने? ऊर्जा गेली, किती गेली? तरंग पोचला, किती वेळात? वीज चमकल्यापासून गडगडाट येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं, किलोमीटर आले. एवढा हिशोब ज्या मुलाला येतो त्याला मैदानात थांबायचं की घरात पळायचं हे कळतं. दुसरं उदाहरण लोकलचं. आधी तिच्या तारेत 1,500 व्होल्ट डीसी होते. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली ती त्यावरच. आता 25,000 व्होल्ट एसी आहेत. व्होल्ट वाढवले का, असं विचारलं तर मुलगा म्हणतो, गाडी जोरात पळावी म्हणून. ‘किती’ लावून बघ. तेवढीच शक्ती पोचवायची तर व्होल्ट सुमारे सतरा पट झाल्यावर प्रवाह सतराव्या हिश्शावर येतो. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणून त्याच तारेत वाया जाणारी ऊर्जा जवळजवळ 280 पट कमी होते. दहावीच्या पुस्तकातलंच सूत्र आहे हे. नुसत्या ‘का’ने तिथे पोचता येत नाही.

ताई : मान्य. पण मग माझीही एक अट आहे. पाचवा प्रश्न पहिल्या चारांच्या नंतरच येईल. आज उलटं चालतं. मुलाला आकडे घालून उत्तर काढता येतं, पण समोर काय चाललंय हे त्याने बघितलेलंच नसतं. आणि प्रत्येक नियम निदान एकदा तरी गावातल्या एका वस्तूवर लावून बघितलाच पाहिजे. दाब पुराच्या दारावर. तरंग मालगाडीवर. अक्षय्यता वालधुनीवर. तरफ पान्यावर. तुमचं पुस्तक बदलायला मी सांगत नाही. धड्याच्या शेवटी एक वस्तू असावी, मुलाच्या रस्त्यावरची.

सर : त्यासाठी काहीतरी गाळावं लागेल. तासिका तेवढ्याच आहेत.

ताई : काय गाळाल?

सर : व्याख्या शब्दशः लिहायचा हट्ट गाळीन. ‘शास्त्रीय कारणे द्या’ची तयार उत्तरं गाळीन, कारण पाठ केलेलं कारण हे कारण राहत नाही. उपकरणांच्या आकृत्यांवर रंग भरण्यात जाणारा वेळ गाळीन. चिन्हं आणि एककं मात्र ठेवीन. न्यूटन, ज्यूल, पास्कल यांच्याबाबत मी कडकच राहणार. एकक चुकलं की तुझा बोल्ट तुटतो.

ताई : त्यावर माझं भांडण नाही.

सर : माझं एका गोष्टीवर अजून आहे. तू म्हणतेस गावातली वस्तू. बरोबर. पण मुलाला गावाबाहेरही जायचंय. गुरुत्वाकर्षण शिकताना त्याच्या रस्त्यावर चंद्र नाही, तरी त्याला चंद्र हवा. अणू त्याला कधीच दिसणार नाही, तरी अणू हवा. आपल्या मुलांना ‘हे तुमच्या कामाचं नाही’ असं आधीच फार ऐकवलं गेलंय. वर्कशॉपचं विज्ञान वर्कशॉपच्या मुलांना आणि ताऱ्यांचं विज्ञान दुसऱ्या कुणाला, असं होऊ नये.

ताई : तसं मी होऊ देणार नाही. माझ्याकडच्या त्या मुलाला खगोलशास्त्र वाचायची आवड आहे, हे मला परवा कळलं. जेवणाच्या सुट्टीत तो मला सांगत होता, चंद्र पृथ्वीवर पडत का नाही. छान सांगितलं त्याने. मग मी त्याला पान्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि हा? थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, हेसुद्धा तेच पुस्तक आहे का?

दोघं उठले. मंदिरातून स्टेशनपर्यंत चालत आले तोवर दिवे लागले होते. पलीकडच्या रुळावर कर्जतच्या दिशेने तोंड करून एक मालगाडी सिग्नलला थांबली होती. सिग्नल मिळाला. इंजिनाने ओढ घेतली आणि खडाक् असा आवाज पुढून निघून त्यांच्या समोरून मागे पळत गेला.

ताई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. शेवटच्या वाघिणीचा आवाज दूर विरला तेव्हा तिने मान वर केली.

“किती?” सरांनी विचारलं.

“नऊ सेकंद. पण वाघिणी मोजायच्या राहिल्या.”

“मग वेग निघणार नाही.”

“नाही,” ती म्हणाली. “उद्या मुलाला घेऊन येते. तो वाघिणी मोजेल, मी सेकंद मोजते.”